गोटियेला गद्दार म्हणण्याआधी

फिली-जर्सीतल्या मंडळींनो, कटर गोटियेचं नाव निघालं की अजून दातओठ खाताय. एक विचारू? २०२२ च्या ड्राफ्टमध्ये फ्लायर्सनी त्याला पाचव्या नंबरवर घेतलं, तेव्हा 'तुला कुठे खेळायचंय?' असं त्याला विचारलं होतं कुणी? तिथे विचारतच नाहीत. संघ नाव पुकारतो, पोरगा जर्सी घालून फोटोला उभा राहतो. सही न करणं, एवढंच त्याच्या हातात. ते त्याने केलं.

क्लबची माणसं भेटायला गेली तरी हा भेटला नाही, हे चुकलंच. समोर बसून सांगायचं होतं. पण म्हणून गद्दार?

आणि फिलाडेल्फियाने तरी बोलू नये हो! १९९१ मध्ये एरिक लिंड्रॉसने क्युबेकची जर्सी अंगात घालायलाही नकार दिला. पुढच्या वर्षी त्याला आणलं कुणी? आपणच. ढीगभर खेळाडू दिले, वर दीड कोटी डॉलर मोजले. तेव्हा टाळ्या, आता शिव्या?

डॅनी ब्रिएरने मात्र अक्कल दाखवली. बाहेर ब्र काढला नाही, त्यामुळे भाव पडला नाही. ८ जानेवारी २०२४ ला अनाहाइमकडून जेमी ड्रायस्डेल आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक घेऊन मोकळा झाला. ड्रायस्डेल दुखापतींनी गांजलेला, खरंय. पण गोटियेने कॉलेजात चार वर्षं काढली असती तर तो आपोआप सुटला असता. मग बसलो असतो हात चोळत.

जानेवारी २०२५ मध्ये तो इथे खेळायला आला. सामना आपण ६-० ने जिंकला, तरी हुर्यो थांबेना. आता किती दिवस चालवायचंय हे?