रांगेतील तिसरी व्यक्ती

दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचे उद्घाटन २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. युनेस्कोच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या संस्थेमागे एक साधा विचार होता : ग्रंथालयाचे दार सर्वांसाठी उघडे असावे. मात्र उघड्या दारातून नम्र वाचक येतात, तसे तापटही येतात.

काही वर्षांपूर्वी दिल्लीतील एका ग्रंथालयात पाहिलेला प्रसंग मला आठवतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण विलंब शुल्कावरून देवघेव कक्षातील बाईंवर ओरडू लागला. 'दिवसभर बसून तुम्हांला काम तरी काय असते?' असेही तो बोलला. बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतले, नियमांच्या फलकाकडे बोट दाखवले आणि तक्रारवही पुढे सरकवली. तरुणाने पैसे भरले व तो निघून गेला. तेवढ्यात रांगेतील तिसरी व्यक्ती दाराकडे वळलेली दिसली. सभासदत्वाचा अर्ज हातात धरलेली ती एक प्रौढ स्त्री होती. बहुधा प्रथमच आलेली. 'या ताई, अर्ज भरायला मी मदत करते,' अशी हाक बाईंनी मारली, तेव्हा ती परतली.

बाईंचा संयम ही दुर्बलता नव्हती. त्यांनी वादात वाद घातला असता, तर ती स्त्री पुन्हा आली नसती. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, वाचकाचा वेळ वाचावा, अशी सूत्रे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडली. एकाच्या आरडाओरड्यात रांगेतील साऱ्यांचा वेळ जातो आणि एखाद्याचे पुस्तक कायमचे दुरावते.

तथापि, सहन करण्याचा सारा भार एकट्या कर्मचाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. नियम दर्शनी भागी लावलेले असावेत. शिवीगाळ झाल्यास ग्रंथपालांनी स्वतः पुढे यावे. वारंवार उद्धटपणा करणाऱ्याचे सभासदत्व काही काळ स्थगित करण्यासही कचरू नये. त्याचबरोबर कर्मचाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की पुष्कळदा रागामागे परीक्षेची धास्ती असते किंवा काय विचारावे हे न कळल्याचा संकोच असतो.

आपण ग्रंथालयात जाल, तेव्हा अडचण अवश्य सांगा, तक्रारही करा. पण खिडकीमागील माणसाने नियम केलेले नाहीत, हे विसरू नका. आणि एकदा मागे वळून पाहा. आपल्या पाठीमागे कोणीतरी अर्ज घेऊन उभे असेल.