परसातला दुरंगी टोमॅटो

पिवळ्या अंगावर तांबड्या छटा असलेला टोमॅटो दिसला की ‘अर्धवट पिकलाय’ म्हणून आपण तो बाजूला सारतो. पण ‘पाइनॲपल’सारख्या दुरंगी जातींचा पिकल्यावरचा रंगच तसा! तांबडा रंग लायकोपीनचा. त्याला औषध मात्र समजू नये; साध्या लाल टोमॅटोत ते अधिकच असते. माझा आग्रह चवीसाठी आहे. बाजारचा माल प्रवासात टिकावा म्हणून बहुधा हिरवट असतानाच तोडतात. घरचा झाडावरच पिकतो, गोड लागतो. मग मुलेही कोशिंबीर मागून खातात. वर तेलाची फोडणी द्यावी, लायकोपीन अंगी लागते. फळ जड, म्हणून रोपाला काठीचा आधार हवा आणि रोजचे सहा तास ऊन. बी संकरित नसेल तर पुढच्या वर्षासाठी घरचेच धरावे.