ताटातले पापलेट आणि किनाऱ्यावरची रापण

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या वर्धा जिल्ह्यातील माणसाने मालवणच्या मासळीच्या ताटाविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले येथील खानावळींत सुट्टीच्या दिवसांत जे गिऱ्हाईक बसलेले असते, त्यात विदर्भातील नोकरदार कुटुंबेही असतात. या बाजारात मागणी करणारा पक्ष आपण आहोत. तेव्हा पुरवठा कोणत्या मार्गाने होतो, हे विचारण्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर पडवीत चार टेबले मांडून सुरू झालेल्या घरगुती खानावळींची संख्या वाढत गेली. वाटप वाटणारी, वडे तळणारी, सोलकढी करणारी बाई बहुधा त्या घरचीच असते आणि आलेला पैसा गावात राहतो. मुंबईच्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर जगलेल्या प्रदेशात ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून या खानावळींविषयी तक्रार करण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न आहे तो ताटातील मासळीच्या किमतीचा, आणि ती किंमत कोण चुकती करतो याचा.

दरपत्रकात थाळीचा दर आकड्यांत असतो. सुरमई व पापलेट यांच्यापुढे मात्र पुष्कळदा ‘आकाराप्रमाणे’ एवढाच शब्द असतो. त्या एका शब्दात बरेच अर्थकारण दडलेले आहे. मोठा मासा एका माणसाच्या खिशाला परवडत नाही आणि पर्यटकाला तर अख्खे पापलेट ताटात हवे असते. तेव्हा हॉटेलवाला ताटात मावेल एवढाच मासा मागतो, लिलावात अशा लहान मालालाही बोली लागते आणि ज्याने एकदाही अंडी घातलेली नाहीत असा मासा पकडणे फायद्याचे ठरते. पापलेट, मालवणी माणूस ज्याला सरंगा म्हणतो, 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा झाले. त्याच वर्षी राज्य शासनाने 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवले. पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर आहे. नियम योग्यच आहे. परंतु ताटाशेजारी मोजपट्टी घेऊन कोणी उभे नसते.

दुसरा प्रश्न जाळ्याचा. रापण ही नोंदणी न झालेली सहकारी संस्थाच होय. होडी जाळे घेऊन अर्धवर्तुळात फिरते, दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात आणि माणसे रांगेने ती ओढतात. होडीचा, जाळ्याचा आणि हाताचा वाटा ठरलेला असतो. पर्ससीन जाळे बटव्यासारखे तळाशी आवळले जाते व अख्खा थवा एकदम बंद होतो. तेथे भांडवल मालकाचे आणि खलाशी मजुरीचा. थवा समुद्रातच आवळला गेला, तर किनाऱ्यावर ओढलेल्या रापणीत काय येणार?

कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा आहे. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी 2016 मध्ये शासनाने पर्ससीनवर निर्बंध घालून तिला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करण्याच्या एलईडी पद्धतीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली. 2021 मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन दंड वाढले. तरी रापणकरांची गाऱ्हाणी संपलेली नाहीत; कारण कायदा कागदावर आहे आणि बाजार रोज सकाळी भरतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: यांत्रिक मासेमारीमुळे गरिबाला मासळी स्वस्त मिळते. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु तारलीसारखा गरिबाचा मासा पश्चिम किनाऱ्यावर फिशमीलच्या कारखान्यांतही जातो आणि कोळंबीच्या व कोंबड्यांच्या खाद्याच्या रूपाने श्रीमंतांच्या ताटाची सोय करतो. अधिक उत्पादन म्हणजे अधिक न्याय्य वाटप, हे समीकरण शेतीत खरे ठरले नाही. समुद्रात ते खरे ठरेल असे मानण्यास आधार नाही.

सामाईक साधनसंपत्ती माणसे लुबाडणारच, तेव्हा ती खाजगी करा किंवा सरकारच्या ताब्यात द्या, असे अर्थशास्त्रात दीर्घकाळ सांगितले गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तुर्कस्तानातील अलान्याच्या मच्छीमारांचे उदाहरण देऊन तिसरा मार्ग दाखवला. तेथील मच्छीमार जागांच्या चिठ्ठ्या टाकतात व रोज पाळीपाळीने जागा बदलतात. 2009 मध्ये ऑस्ट्रॉम यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या रापणकरांना असा मार्ग पूर्वीच सापडला होता. त्यांना पारितोषिक नको, संरक्षण हवे आहे.

पर्यटकाने मासे खाऊ नयेत, असे कोणी म्हणणार नाही. त्याने काय मिळेल ते खाण्याची तयारी मात्र ठेवावी. जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात किनाऱ्यावरची घरे सुकट, सुके बोंबील आणि खारा बांगडा यांवर भागवत आली. पर्यटकाला मात्र बाराही महिने सुरमई लागते, आणि तिच्यासाठी बर्फातला माल दुरून आणावा लागतो. बांगडा, पेडवे, मुडदुशी हे त्या त्या दिवशी मिळणारे मासे मागितले, तर पापलेटावरचा भार आपोआप हलका होईल.

परंतु केवळ ग्राहकाच्या सदसद्विवेकावर ही गोष्ट सोडून चालणार नाही. खानावळीच्या फळ्यावर आजची मासळी कोणत्या बंदरावर, कोणत्या जाळ्यात मिळाली, हे लिहिले जावे. किमान आकारमानाचा नियम स्वयंपाकघरापर्यंत लागू व्हावा. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी हॉटेलांशी हमीदराचे करार करावेत. पर्यटन महामंडळाने त्याची सुरुवात तारकर्लीच्या आपल्या निवासस्थानापासून करावी. कापूस पिकवणाऱ्या वर्ध्याच्या शेतकऱ्याला हमीभावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तोच हक्क रापण ओढणाऱ्यालाही आहे, हे त्याने मालवणात जेवायला बसल्यावर विसरू नये.