वैमानिकाचा नकार

बारावीच्या वर्गात "पुढे काय करणार?" असे विचारले की हल्ली "पायलट" असे उत्तर हमखास ऐकू येते. आम्हांस याचा आनंदच आहे. मात्र पायलट म्हणजे मोठ्या प्रवासी विमानाचा चालक, अशीच मुलांची व पालकांची समजूत असते. उद्योगपतींची, कंपन्यांची, पुढाऱ्यांच्या दौऱ्यांची लहान विमाने चालवणारा एक वेगळा वर्ग आहे. त्यांना कॉर्पोरेट पायलट म्हणतात. इथेच राहावे की एअरलाइनमध्ये जावे, हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न आहे. २०२३ साली एअर इंडियाने ४७० व इंडिगोने ५०० नव्या विमानांची खरेदी जाहीर केल्यापासून हा प्रश्न अधिकच जवळ आला.

पालक मंडळी प्रथम पगार विचारतील. पण हिशेब इतका सोपा नाही. एअरलाइनमध्ये ज्येष्ठता मोजतात ती रुजू झालेल्या तारखेपासून. लहान जेटवर दहा वर्षे कॅप्टन असलेल्यालाही तिथे बहुधा उजव्या खुर्चीवर, म्हणजे सहवैमानिक म्हणून, सुरुवात करावी लागते. नव्या प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते. वयाने लहान कॅप्टनच्या हाताखाली काम करावे लागते. व्यावसायिक उड्डाणाची मर्यादा ६५ वर्षे. पस्तिसाव्या वर्षी गेलेल्याच्या हाती तीस वर्षे उरतात, पन्नाशीत गेलेल्याच्या हाती पंधरा.

एअरलाइन म्हणजे पक्की नोकरी, हाही भ्रमच. २०१२ साली किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट, अशा तीन कंपन्यांची विमाने जमिनीवर आली. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

मग जावे कशासाठी? आमच्या मते याचे एकच खरे कारण आहे. ते पगाराचे नाही आणि प्रतिष्ठेचेही नाही. पायलटने "आज उडता येणार नाही" असे म्हटले, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहते, हे ते कारण.

एअरलाइनमध्ये प्रवासी चिडतो, आरडाओरडा करतो, पण तो पायलटचा पगार देत नाही. ड्युटीचे वेळापत्रक आधी लागते. उड्डाणाची तयारी पाहणारा स्वतंत्र विभाग असतो. कॉर्पोरेट विमानात मागच्या खुर्चीवर खुद्द मालक किंवा त्याचा मोठा पाहुणा बसलेला असतो. सभा ठरलेली असते, लोक जमलेले असतात. खाजगी विमानांनाही नियम आहेत, यात शंका नाही. पण पाहुणे गाडीतून उतरून विमानाकडे चालत येत असताना नियमाचा कागद हाती घेऊन "साहेब, हवा ठीक नाही" असे म्हणणारा माणूस एकटाच असतो.

आम्हां ग्वाल्हेरकरांना लहान विमानांचा विषय हलक्या मनाने काढता येत नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. उत्तर प्रदेशातील मैनपुरीजवळ खराब हवामानात त्यांचे लहान विमान कोसळले आणि त्यातील सर्वजण गेले. त्या विमानात काय बोलणे झाले, हे आम्ही सांगू शकत नाही आणि कोणाला दोषही देत नाही. पण स्वतः नागरी विमानवाहतूक मंत्री राहिलेल्या माणसावरही ही वेळ आली, हे विसरता येत नाही.

एअरलाइनमध्ये सगळे आलबेल आहे, असे कोणी समजू नये. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे नियम २०२५ साली लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक नेमलेले नव्हते. मग त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. म्हणजे कागदावरचा नियमही वाकतो. तरीपण तो वाकला तेव्हा साऱ्या देशाला दिसला, त्यावर चर्चा झाली. धावपट्टीवर उभ्या लहान विमानाशेजारी वाकलेला नियम कोणालाच दिसत नाही.

म्हणून आमचे मत असे: ज्याचा मालक नकार शांतपणे ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच आपुलकीने बोलतो, त्याने केवळ मोठ्या विमानाच्या मोहाने ती नोकरी सोडू नये. असा मालक मिळणे भाग्याचे. पण नकार देण्यापूर्वी ज्याला नोकरीची चिंता वाटते, त्याने वय निघून जाण्याआधी एअरलाइनची वाट धरावी, भले उजव्या खुर्चीवर बसावे लागो. त्यात कमीपणा नाही. भारतातील पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक प्रेम माथुर यांनीही घनश्यामदास बिर्ला यांचे खाजगी विमान चालवले आणि १९५३ साली त्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या.

आता थोडे आपल्याविषयी. नकार ऐकून घेणे ही विमानाच्या मालकांनीच शिकायची गोष्ट नाही. आपल्यापैकी कोणाचे दुकान आहे, कोणाचा कारखाना, कोणाकडे संस्थेचा कारभार. आपला ड्रायव्हर "साहेब, रात्रभर जागा आहे, आता गाडी चालवत नाही" असे म्हणाला, तर आपण काय उत्तर देतो? आणि वर्गात एखाद्या मुलाने नम्रपणे "सर, हे मला बरोबर वाटत नाही" असे म्हटले, तर आम्ही शिक्षक त्याला उद्धट ठरवतो की त्याचे म्हणणे ऐकतो? पायलट होण्याची परीक्षा पुढे होईल. "नाही" म्हणायचे धैर्य मात्र शाळेतच यायला हवे, आणि ते टिकवणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.