सेकंड हँड... पण फर्स्ट हँड कुणाचा?

मेसच्या दाराशेजारचा नोटीस बोर्ड आपण सगळेच वाचतो, पण तो डिफॉल्टर लिस्टपुरता. त्या लिस्टखाली ज्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात त्या एकदा वाचा. ‘ड्राफ्टर विकणे आहे.’ ‘कूलर विकणे आहे, पाणी गळत नाही.’ आणि हल्ली निम्म्या चिठ्ठ्या मोबाइलच्या. ‘अर्जंट सेल. मिंट कंडिशन. बॉक्स नाही, बिल हरवले. ओन्ली कॅश.’ माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ‘मिंट कंडिशन’ला मराठीत काय म्हणायचं ते मी रूममेटला विचारलं. ती सांगलीची. म्हणाली, ‘‘कोरा करकरीत!’’ क्या बात है! पण त्या चिठ्ठीत मला खटकलं ते हे नव्हे. खटकलं ते ‘बिल हरवले’. एकाच हॉस्टेलात इतक्या जणांची बिलं हरवतात तरी कशी?

तर मंडळी, आधीच सांगून टाकते, मी सेकंड हँडच्या विरोधात नाही. आपला इंजिनिअरिंगचा अख्खा संसारच सेकंड हँड असतो. माझा ड्राफ्टर सीनिअरचा, एप्रन तिच्याही सीनिअरचा, सायकल मागच्या बॅचकडून आलेली आणि मॅथ्सचं पुस्तक अप्पा बळवंत चौकातलं, ज्यात आधीच्या मालकाने फक्त पहिल्या युनिटवर पेन्सिल चालवलीय. (पुढच्या युनिटांचं काय झालं असेल ते आपण सगळे जाणतो.) घरून येणाऱ्या पैशात मेस, झेरॉक्स आणि एक्झाम फी भागवून नवा फोन कुणाला परवडतो? एप्रिल 2020 पासून तर नव्या मोबाइलवर 18 टक्के जीएसटी आहे. आणि पर्यावरणाचं म्हणाल तर चालू फोन आणखी दोन वर्षं चालवणं यासारखं शहाणपण नाही.

पण जुनं पुस्तक घेताना पानं चाळली की काम झालं. फाटलंय, गाळलंय, जे असेल ते दिसतं. फोनचं तसं नाही. त्यात जे महत्त्वाचं ते दिसतच नाही. आणि आपण काय बघतो? स्क्रॅच आहे का, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, गेम अडकते का. तो मुळात कुणाचा, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो.

आपल्याच कॉलेजातल्या एका फर्स्ट इयरच्या मुलाची गोष्ट. नाव सांगत नाही, बिचारा आधीच खूप चिडवून घेऊन बसलाय. शहरातल्या एका गाळ्यावर त्याला सोळा हजारांचा फोन आठ हजारांत मिळाला. बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, ‘‘बिल काय खायचंय का, दादा? आठ दिवस चेकिंग गॅरंटी देतो की!’’ आठ दिवस फोन झक्कास चालला. पुढचा महिनाभरही चालला. मग दुसऱ्याच जिल्ह्यातल्या पोलिस ठाण्यातून कॉल आला, ‘‘तुम्ही वापरताय तो फोन हरवल्याची तक्रार आहे, घेऊन या.’’ वडिलांनी रजा टाकली, दोघं गेले, जबाब दिला, फोन तिथे जमा केला आणि एसटीने परत आले. साहेब लोक समजूतदार निघाले म्हणून तेवढ्यावर निभावलं. आठ हजार गेले ते गेलेच. गाळेवाल्याने तर ओळखच दाखवली नाही. दाखवेल कशाला? बिल कुठे होतं?

फोनची खरी मालकीण नर्सिंगची विद्यार्थिनी होती. तीही हॉस्टेललाच राहणारी. एसटी स्टँडवर गाडीत चढताना तिच्या पर्समधून तो गेला होता.

आता हे पोलिसांना कळलं कसं, ते आपल्या ब्रँचवाल्यांना तरी माहीत असायला हवं. प्रत्येक मोबाइलला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी नंबर असतो. ड्युअल सिमला दोन असतात. डायलरवर *#06# दाबा, दिसेल. सिम बदललं तरी हा नंबर बदलत नाही आणि टॉवरशी बोलताना फोन तो सांगतो. दूरसंचार खात्याने सीईआयआर नावाचं एक केंद्रीय रजिस्टर केलंय. सप्टेंबर 2019 मध्ये ते मुंबईत सुरू झालं आणि मे 2023 मध्ये ‘संचार साथी’ पोर्टलवरून देशभर. फोन गेला की पोलिसांत तक्रार द्यायची आणि तिथे नंबर ब्लॉक करायचा. मग त्या फोनमध्ये कुणीही सिम घातलं की त्याची खबर पोलिसांना जाते. आपल्या फर्स्ट इयरवाल्याने स्वतःचं, आधारला जोडलेलं सिम घातलं होतं. चोर सुटला, सिमवाला सापडला!

याच रजिस्टरचा उपयोग आपण फोन घ्यायच्या आधी करू शकतो. केवायएम, मग एक स्पेस, मग तो पंधरा आकडी नंबर, असा एसएमएस 14422 वर पाठवायचा. केवायएम इंग्रजी कॅपिटलमध्ये. उत्तरात मेक आणि मॉडेल येतं. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज असं आलं तर थँक यू म्हणून निघायचं. हातात सॅमसंग आणि उत्तरात भलतीच कंपनी असली तरी निघायचं, कारण आयएमईआय बदलून देणारे ‘सॉफ्टवेअरवाले’ सगळ्या बाजारात बसलेत. 2023 च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यात अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं, पण गल्लीत बसलेल्याला त्याचं काय? ‘संचार साथी’चं ॲपही आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये ते प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीने घालायचा आदेश निघाला, त्यावर प्रचंड आरडाओरडा झाला आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. ज्यांना ॲप नकोसं वाटतं त्यांनी एसएमएस करावा.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक गंमत. आयएमईआयचा शेवटचा आकडा चेक डिजिट असतो. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे समस्थानचे आकडे दुप्पट करा, उत्तर दोन आकडी आलं तर त्यातल्या आकड्यांची बेरीज घ्या, बाकीचे आकडे आहेत तसे मिळवा. एकूण बेरजेला दहाने भाग गेला पाहिजे. याला लून अल्गोरिदम म्हणतात. नाही गेला तर नंबर बनावट. गेला तर मात्र एवढंच कळतं की नंबर नीट घडवलाय. त्याच्या मालकाचं चारित्र्य त्यातून कळत नाही.

आणि इथेच माझा खरा मुद्दा येतो. एसएमएसचं उत्तर ‘ठीक आहे’ असं आलं तरी फोन चोरीचा असू शकतो. ज्याचा गेला त्याने अजून तक्रारच केली नसेल. सकाळी लोकलमध्ये गेलेला फोन संध्याकाळी गाळ्यावर असतो, तोवर तो बिचारा डुप्लिकेट सिमच्या रांगेत उभा असतो. त्यामुळे टेस्ट पास झाली तरी बिल लागतंच. बिलावरचा नंबर, *#06# चा नंबर आणि असला तर बॉक्सवरचा नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत.

यावर आमच्या विंगमध्ये जोरदार वादावादी झाली. एक म्हणाली, ‘‘अगं, बिलं खरंच हरवतात!’’ हरवतात ना. पण ऑनलाइन घेतलेल्याचं बिल अकाउंटवरून पुन्हा डाउनलोड होतं, दुकानातून घेतलेल्याची कॉपी दुकानदाराकडे मिळू शकते. तेही नसेल तर विकणाऱ्याने आयएमईआयसकट दोन ओळी लिहून सही करून द्याव्यात, सोबत आयडीची झेरॉक्स. ज्याचा फोन खरंच त्याचा आहे त्याला यात दहा मिनिटांपलीकडे काही त्रास नाही. जो हे करायला कां कूं करतो त्याच्याकडून अर्ध्या किमतीतही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरी म्हणाली, ‘‘आपण थोडीच चोरलाय?’’ मी काही वकील नाही, पण भारतीय न्याय संहितेचं 317 वं कलम वाचा. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून तो अप्रामाणिकपणे घेणं हाही गुन्हा आहे. सोळाचा माल आठला, बिल नाही, बॉक्स नाही, रोखच पाहिजे... यापेक्षा आणखी कुठलं कारण पाहिजे?

कायदा जाऊ द्या. गेल्या सेमला आपल्या रीडिंग हॉलमधून तीन फोन गेले. त्यातला एक माझ्या पार्टनरचा, ज्यात आमच्या प्रोजेक्टची सगळी रीडिंग्ज होती. ते तीन फोन आता कुठे असतील? दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजच्या मेसबाहेर, ‘बिल हरवले’ अशा चिठ्ठीखाली विकले गेले असतील. आणि त्यांचे गेलेले आपल्याकडे. चोराला गिऱ्हाईक लागतं हो, आणि स्वस्ताला भुलणारं, रोख देणारं, प्रश्न न विचारणारं गिऱ्हाईक हॉस्टेलइतकं दुसरीकडे कुठे मिळणार?

बरं, ‘रीफर्बिश्ड’ घेतला तर? शब्द भारदस्त आहे, पण स्टिकर कुणीही छापतो. त्याच्यामागे कोण उभं आहे ते महत्त्वाचं. 2016 चा गॅलेक्सी नोट सेव्हन आठवतोय का? बॅटऱ्या पेटायला लागल्या, सप्टेंबरमध्ये कंपनीने परत मागवले, बदलून दिलेलेही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद झालं. पुढच्या वर्षी, जुलै 2017 मध्ये, तेच सामान वापरून सॅमसंगने कोरियात ‘फॅन एडिशन’ काढला. बॅटरी 3500 वरून 3200 एमएएच केली आणि उघडपणे स्वतःच्या नावावर विकला. मी याला रीफर्बिशिंग म्हणते. काय बदललं हे सांगितलं आणि जबाबदारी घेतली. आपल्या गाळेवाल्याचं रीफर्बिशिंग म्हणजे नवा ग्लास, नवं कव्हर आणि कुठली कुठली बॅटरी! त्याला विचारा, काय बदललंय, बॅटरी कुणाची, वॉरंटी किती महिन्यांची, आणि हे सगळं आयएमईआयसकट बिलावर लिहून देणार का. ‘चेकिंग गॅरंटी’ हा शब्द ऐकला की समजायचं.

बॅटरीचं मी मुद्दाम बोलतेय, कारण आपण फोन उशाखाली चार्जिंगला लावून झोपणारी जमात आहोत. लिथियम आयन बॅटरी झिजतेच. ॲपलचं स्वतःचं म्हणणं असं की आयफोन 14 पर्यंतच्या मॉडेलांत 500 पूर्ण सायकलनंतर क्षमता 80 टक्क्यांवर येते. ते ठीक, दोनदा चार्ज करू. पण स्वस्तातल्या डुप्लिकेट बॅटरीच्या प्रोटेक्शन सर्किटचा भरवसा नसतो. फोन टेबलावर पालथा-उताणा ठेवून बघा. डुगडुगला, किंवा मागचं पॅनल कडेने उचलल्यासारखं दिसलं, तर आत बॅटरी फुगलीय. असा फोन फुकट दिला तरी गादीवर नेऊ नका, वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांचाही विचार करा. आणि एकदा उघडलेला फोन वॉटरप्रूफ राहिला असं धरू नका.

बाकी भराभर सांगते. विकणाऱ्यासमोरच रीसेट करा आणि वायफाय लावून सेटअप शेवटपर्यंत न्या. आधीच्या मालकाचं गूगल किंवा ॲपल अकाउंट मागितलं तर तो फोन नव्हे, पेपरवेट आहे. हप्त्यावर घेतलेले फोन हप्ते थकले की लॉक होतात, तेही अर्ध्यात विकणारे आहेत. अपडेटची वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजायची, आपण घेतला तेव्हापासून नाही. पिक्सेल 8 ला ऑक्टोबर 2023 पासून सात वर्षं कबूल आहेत, स्वस्त मॉडेलांना बऱ्याचदा दोन-तीनच. ज्या फोनवर यूपीआय चालवायचं त्याचे सिक्युरिटी अपडेट बंद झालेले नसावेत, इतकं साधं आहे. आणि विकणाऱ्या मुलींनो, मेमरी कार्ड काढून घ्या गं! केंब्रिजच्या संशोधकांनी 2015 मध्ये 21 जुने अँड्रॉइड फोन तपासले होते, रीसेट करूनही त्यांतून डेटा परत मिळत होता. नव्या फोनांत डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो म्हणून रीसेट पुरेसा होतो, पण कार्डाचं तसं नाही.

आता रेक्टर मॅडमना एक विनंती. नोटीस बोर्डावर मोबाइलची चिठ्ठी लावायची असेल तर आधी ऑफिसमधल्या एका रजिस्टरमध्ये नाव, रूम नंबर, आयएमईआय आणि बिलाची झेरॉक्स जमा करायची, असा नियम करावा. नंबर बोर्डावर जाहीर लावू नये, त्याची नक्कल होऊ शकते. व्यवहार झाला की घेणाऱ्याची सही तिथेच. त्याच रजिस्टरच्या मागच्या पानांवर प्रत्येकीने आपल्या आत्ताच्या फोनचा नंबरही लिहून ठेवावा, म्हणजे रीडिंग हॉलमधून चौथा फोन गेला तर ‘आयएमईआय कुठे लिहिलाय’ म्हणून शोधाशोध करावी लागणार नाही. बॉइज हॉस्टेलनेही हेच करावं, चिठ्ठ्या तिकडूनच जास्त येतात. रजिस्टरचा खर्च कोण करणार असा प्रश्न असेल तर दोनशे पानी मी आणून देते. कोरं करकरीत. आणि त्याचं बिलही जोडते.