गोळी अल्पमुदतीची, सवय दीर्घमुदतीची

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की शहरी मुलांच्या दप्तरात आणखी एका वस्तूची भर पडते. ती म्हणजे आम्लपित्तावरील गोळ्यांचे पाकीट. पहाटे उपाशीपोटी चहा, दोन क्लासच्या मध्ये वडापाव, रात्री अकरानंतर जेवण आणि लगेच झोप, असा दिनक्रम असल्यावर छातीत जळजळ होणारच. मग वडिलांच्या कपाटातली गोळी मुलाच्या हाती येते. ती एक-दोन दिवस घेतल्याने सहसा काही बिघडत नाही, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न आहे तो ती कधी थांबवायची, हे कोणीच ठरवत नाही याचा.

‘अॅसिडिटीची गोळी’ या एकाच नावाखाली घरोघरी दोन अगदी वेगळी औषधे नांदतात. अॅल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त चघळण्याच्या गोळ्या किंवा पातळ औषध पोटात आधीच तयार झालेले आम्ल निष्प्रभ करते. त्याचा परिणाम लवकर होतो आणि लवकर ओसरतो. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी औषधे मात्र आम्ल निर्माण करणारी यंत्रणाच रोखतात. ही औषधे आपल्याकडे ‘शेड्यूल एच’मध्ये मोडतात, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच विकली जावीत असा नियम आहे. प्रत्यक्षात ती बिस्किटाच्या पुड्याइतक्या सहजतेने मिळतात. अमेरिकेत ओमेप्राझोल चिठ्ठीविना मिळते खरे. परंतु १८ वर्षांखालील मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये, सलग १४ दिवसांपेक्षा अधिक घेऊ नये आणि चार महिन्यांच्या आत पुन्हा सुरू करू नये, असे वेष्टनावरच बजावलेले असते.

ही मुदत का महत्त्वाची, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासाने दाखवून दिले. कोणताही त्रास नसलेल्या १२० निरोगी प्रौढांपैकी काहींना या गटातील औषध आठ आठवडे देण्यात आले, तर इतरांना औषधविरहित गोळी देण्यात आली. औषध थांबल्यानंतरच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातील ४४ टक्के लोकांना जळजळ, अपचन अशा तक्रारी जाणवल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. दाबून धरलेले आम्ल औषध सुटताच उसळून येते. रुग्णाला वाटते, मूळ दुखणेच परतले. आणि तो पुन्हा गोळीकडे वळतो. हा अभ्यास प्रौढांवरचा असला, तरी किशोरवयीन मुलांच्या पालकांनी त्यातला इशारा ओळखायला हवा.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक गंभीर बाजू आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली व ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आहेत. त्यासाठीच १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोहाची निळी गोळी देण्याची सरकारी योजना आहे. अन्नातील व गोळीतील लोह शोषले जाण्यास पोटातील आम्ल मदत करते. ते आम्लच मारले तर लोह अंगी कसे लागणार? त्यातच लोहाच्या गोळीने काही मुलींना मळमळ किंवा पोटदुखी होते. त्यावर उपाय म्हणून आम्लपित्ताची गोळी घेतली जाते, आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. निळी गोळी जेवणानंतर घ्यावी आणि आम्लशामक औषध व ती यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे, एवढे दोन शब्द शाळेत गोळी वाटताना सांगायला खर्च येत नाही. मुरुमांसाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिनही आम्लशामकांसोबत घेतल्यास नीट लागू पडत नाही. शिवाय ते पुरेशा पाण्याशिवाय घेऊन लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेला इजा होऊन जळजळ होऊ शकते. म्हणजे जळजळीचे कारण कधी कधी दुसऱ्या गोळीतच दडलेले असते.

उत्तर अमेरिका व युरोपातील बालपचनविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, मुलांना नेहमीची जळजळ असेल तर आम्लरोधक चार ते आठ आठवडे देऊन पाहावे व त्यानंतर फेरतपासणी करावी, असे म्हटले आहे. तज्ज्ञही मुदत घालतात. घरगुती उपचारांत मात्र ती नसते. दोन आठवड्यांत आराम पडला नाही, गिळताना त्रास झाला, वजन घटले, उलटीत रक्त दिसले वा शौचास काळी झाली, तर गोळी बदलण्यात वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. शेवटच्या दोन लक्षणांत तर तातडीने.

औषधविक्रीवरील नियंत्रण कडक व्हायलाच हवे. पण मुलाला गोळी देताना ती बंद करण्याची तारीख ठरवणे, हे नियंत्रण घरातूनच सुरू होऊ शकते. आणि त्या तारखेपर्यंत रात्रीचे जेवण दोन तास अलीकडे आणता आले, तर पुढच्या पाकिटाची गरज बहुधा उरणार नाही.