जिवाणूची नोंदवही

“जिवाणूला कसली आलीय स्मृती? उत्परिवर्तन झालं, तो तगला. बाकी सगळी शब्दांची सजावट.” क्रिस्परचा, म्हणजे विषाणूंच्या डीएनएचे तुकडे साठवणाऱ्या जिवाणूच्या डीएनए-पट्ट्याचा विषय निघाला की हा पूर्वपक्ष ठरलेला. आधार 1943 च्या लुरिया-डेलब्रुक प्रयोगाचा: विषाणूला दाद न देणारे जिवाणू विषाणू येण्याआधीच, योगायोगाने तयार झालेले असतात.

प्रयोग बिनतोड आहे, पण तो वेगळ्या बचावाचा. तिथे पेशीच्या पृष्ठभागावर विषाणू जिथे चिकटतो ती जागाच बदललेली असते. दाराचं कुलूप बदललं. चोर कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

2007 मध्ये डॅनिस्को कंपनीतल्या रोडॉल्फ बारांगू आणि सहकाऱ्यांनी योगर्टच्या विरजणातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसवर विषाणू सोडले. जगलेल्या जिवाणूंच्या क्रिस्पर पट्ट्यात सुमारे 30 अक्षरांचे नवे तुकडे निघाले, हल्लेखोराच्याच डीएनएशी जुळणारे. तुकडा काढला की प्रतिकार गेला. चार अक्षरांतून 30 अक्षरांचा नेमका मजकूर आपोआप जुळायचा, तर शक्यता एकावर अठरा शून्यांत एक. याला योगायोग म्हणणाऱ्याने खुशाल लॉटरीचं तिकीट काढावं.

ई. कोलायमध्ये तर लिहिणारा हातच दिसतो. कॅस ही क्रिस्परच्या जोडीला काम करणारी प्रथिनं; त्यांतल्या कॅस1 ची चार आणि कॅस2 ची दोन मिळून पकड तयार होते. विषाणूच्या डीएनएत ‘एएजी’ या खुणेलगतचा तुकडा ती धरते आणि 33 अक्षरांच्या मापाचा तो तुकडा पट्ट्याच्या सुरुवातीला घुसवते. ताजी नोंद सर्वांत वर. पुढे तिची आरएनए प्रत डीएनए कापणाऱ्या प्रथिनांची कात्री घेऊन शत्रू शोधत फिरते. वहीतल्या, म्हणजे पट्ट्यातल्या नोंदीलगत मात्र ‘एएजी’ची खूण नसते, म्हणून कात्री घरच्या पानावर चालत नाही. (ही खबरदारी मला सर्वांत देखणी वाटते.)

“तरी नोंद करणारे मूठभर, बाकी मरतात, म्हणजे निवडच ना?” मान्य. जिवाणू ठरवून शिकतो असं म्हणणारे भाबडे भक्तही चूकच. पण मग आपलं काय? आपल्या बी-पेशी जनुकांचे तुकडे अंदाधुंद जुळवून प्रतिपिंडं घडवतात, नेम लागला ती पेशी वाढते. या व्यवस्थेला कुणी अनुकूली प्रतिकारशक्ती म्हणायचं नाकारत नाही. जिवाणू तर शत्रूचाच मजकूर उतरवून घेतो.

आणि वारसा? मला लहानपणी गोवर येऊन गेला, तरी माझ्या लेकाला लस टोचावीच लागली. जिवाणू दुभंगला की वहीची नक्कल दोन्ही पेशींकडे जाते.